पडद्यावरचे घर आणि घरातली झोप

'घर पाहावे बांधून' असे आपल्याकडे म्हणतात. ज्याने बांधले त्यालाच त्यातली दमछाक ठाऊक. जागा शोधा, पैसा जमवा, शेजार कसा आहे ते बघा, आणि एवढे करून वास्तुशांत झाली की पाहुणे चौकटीला नावे ठेवायला मोकळे! आज मात्र मी अशा घरांविषयी लिहिणार आहे, ज्यांना वीट लागत नाही, वाळू लागत नाही आणि ग्रामपंचायतीचा दाखलाही लागत नाही. तरीही ती मिळवताना आणि सांभाळताना माणसांची झोप उडते, मनगटे दुखतात, घरात भांडणे होतात. ही घरे संगणकावरच्या खेळांत असतात.

वाचक म्हणतील, डॉक्टर, आरोग्याच्या सदरात खेळ कुठून आला? तर तो माझ्या तपासणीच्या खोलीतूनच आला. डोकेदुखी, हाताला मुंग्या, 'हा रात्री झोपतच नाही' अशा तक्रारी घेऊन येणाऱ्या तरुणांशी चार शब्द बोलले की अधूनमधून या घरांचा पत्ता लागतो.

हे खेळ कसले?

आपल्याकडे दशावतारात नट रात्रभर राजा होतो आणि सकाळी मुकुट पेटाऱ्यात ठेवून गुरे सोडायला जातो. या ऑनलाइन खेळांतही तसेच सोंग घ्यायचे असते. कोणी योद्धा होतो, कोणी वैद्य, कोणी सुतार. फरक एवढाच की इथे पेटारा बंद होत नाही. इंटरनेटवरून जगभरची हजारो माणसे एकाच वेळी त्या जगात वावरत असतात आणि आपण उठून गेलो तरी ते जग चालूच राहते.

एक खुलासा आधीच करतो. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा आपल्या संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये संमत केला. मी सांगतो आहे ते खेळ त्या जातीचे नव्हेत. यात जुगार नाही, पत्ते नाहीत. यात माणूस घर बांधतो आणि नाव कमावतो. आणि ओढ लागते ती नेमकी याच दोन गोष्टींची.

बंद घर पडते

कोकणातल्या वाचकांना हे लगेच कळेल. चाकरमानी मुंबईला गेला आणि चार गणपती आला नाही, तर घराची कौले सरकतात, वाशांना वाळवी लागते आणि पाचव्या वर्षी पडवी बसते. 'अल्टिमा ऑनलाइन' हा खेळ १९९७ साली अमेरिकेत सुरू झाला. त्यात खेळाडूंना घर बांधता येत असे आणि घर पडण्याचा हा नियमही त्यात होता. मालकाने येऊन घराला हात लावला नाही, तर घर जीर्ण होत जाई. पाटीवर त्याची अवस्था दिसे : नव्यासारखे, किंचित झिजलेले, बरेच झिजलेले आणि शेवटी 'कोसळण्याच्या बेतात'. ती शेवटची पाटी दिसली की आसपासचे खेळाडू घराभोवती जमत. घर कोसळले की आतले सामान ज्याच्या हाती लागेल त्याचे! त्या जगात जमीन मोजकीच असल्याने तिला इतका भाव आला, की तिथली घरे ईबे या संकेतस्थळावर खऱ्या डॉलरमध्ये विकली गेली.

'लॉर्ड ऑफ द रिंग्ज ऑनलाइन' या खेळात २००७ च्या ऑक्टोबरमध्ये घरे आली, तेव्हा दर आठवड्याला घरपट्टी भरावी लागे. थकवली तर घराला कुलूप. जपानच्या स्क्वेअर एनिक्स कंपनीच्या 'फायनल फँटसी फोर्टीन' या खेळाचा नियम तर अगदी स्पष्ट आहे. सलग ४५ दिवस मालकाने घरात पाऊल ठेवले नाही, तर घर पाडून भूखंड दुसऱ्याला खुला होतो. एका वस्तीत भूखंड ६० आणि मागणारे पुष्कळ. पूर्वी तर रिकाम्या झालेल्या भूखंडाची विक्री नेमकी कधी सुरू होणार हे गुपित असे. त्यामुळे खेळाडू तासन्‌तास, रात्र रात्र त्या भूखंडाच्या पाटीवर बटण दाबत उभे राहत. एप्रिल २०२२ पासून सोडतीची पद्धत आली आणि ते जागरण थांबले. आपल्या म्हाडाच्या सोडतीची आठवण व्हावी असाच प्रकार.

पंचक्रोशीतले नाव

घराच्या जोडीला दुसरी गोष्ट, ती म्हणजे पत. या खेळांत प्रत्येक मुलखाची पत वेगळी मोजली जाते. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज ऑनलाइन'मध्ये ब्री गावच्या माणसांत मिळवलेले नाव शायरच्या हॉबिट लोकांत चालत नाही. तिथे पुन्हा पहिल्यापासून कामे करा, मग ओळखीचा, मग मित्र, असे करत शेवटी आप्त. एका तालुक्यातला मान दुसऱ्या तालुक्यात चालत नाही, तसेच.

आणि हा मान आकड्यांत मोजलेला असतो. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' हा खेळ नोव्हेंबर २००४ मध्ये आला. त्याच्या मूळ रचनेत अनोळखी माणसापासून स्नेही होण्यास ३,००० गुण, तिथून सन्मानित होण्यास आणखी ६,०००, त्यापुढच्या पायरीला १२,००० आणि सर्वोच्च पदाला २१,००० लागत. एकूण ४२,०००. पायऱ्या बघा कशा वाढत जातात! पहिली पायरी सोपी, म्हणून माणूस चढतो. अर्ध्यावर आल्यावर मात्र 'एवढे केले ते वाया कसे घालवू?' या विचाराने उतरत नाही.

मानसशास्त्रात याला आधार आहे. डॅनियल काहनेमन आणि एमॉस ट्व्हर्स्की या दोघांनी १९७९ साली मांडले, की शंभर रुपये सापडल्याच्या आनंदापेक्षा शंभर रुपये हरवल्याचे दुःख माणसाला जास्त लागते. पुढे २००२ साली काहनेमन यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. खेळातले घर पडेल ही भीती आणि अर्धी कमावलेली पत वाया जाईल ही हळहळ, दोन्ही याच दुखऱ्या जागेवर बोट ठेवतात. खेळणारा आळशी असतो म्हणून तिथे जात नाही. तो जातो ते आपले राखायला.

साडेआठचा ठोका

आता घड्याळाकडे येऊ, कारण आजाराचे मूळ बहुतेक वेळा तिथेच असते.

'फायनल फँटसी फोर्टीन'मध्ये निरनिराळ्या मुलखांतल्या जमातींची मर्जी संपादन करण्यासाठी रोजची ठरावीक कामे असतात. दिवसाला एकूण १२, त्याहून जास्त करता येत नाहीत. एकदम चार दिवसांचे काम उरकून मोकळे होता येत नाही. रोज थोडे थोडे, म्हणजेच रोज यायला हवे. ही कामे नव्याने सुरू होतात ती जपानमधल्या मध्यरात्री. त्या वेळी आपल्याकडे रात्रीचे साडेआठ वाजलेले असतात. म्हणजे ताटे घेण्याची वेळ! शिवाय ज्यांचे सोबती युरोप-अमेरिकेत आहेत, त्यांची संध्याकाळ म्हणजे आपली मध्यरात्र किंवा पहाट. सोबत्यांना शब्द दिला की जागरण आलेच.

गेल्या वर्षी माझ्याकडे एक २३ वर्षांचा मुलगा आला. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलून सांगतो. पदवी झालेली, नोकरीच्या शोधात. सोबत आई. तक्रार अशी की उजव्या हाताच्या अंगठ्याला आणि शेजारच्या दोन बोटांना रात्री मुंग्या येतात, डोके जड असते. आईची तक्रार निराळीच होती.

"डॉक्टरसाहेब, जेवायला हाक मारली की म्हणतो, 'आई, थांब, नाहीतर माझं घर जाईल.' अहो, आमचं घर तर आहे तिथंच आहे!"

मुलाचा रक्तदाब ठीक, हिमोग्लोबिन ठीक. दोन्ही मनगटे एक मिनिट दुमडून धरायला सांगितली, तर मुंग्या सुरू झाल्या. मनगटातून जाणारी नस दाबली जात होती. झोप विचारली, तर पहाटे तीन ते सकाळी आठ. तेही अधूनमधून तुटत.

मी म्हटले, "बरं, तुझं घर दाखव बघू."

त्याला क्षणभर वाटले मी थट्टा करतो आहे. मग त्याने मोबाईलवर चित्र दाखवले. छोटेसे घर, खिडकीपाशी पुस्तकांचे कपाट, अंगणात दगडी दिवा. खरोखर नीटनेटके. मला आवडले आणि मी तसे सांगितले. मग तो बोलू लागला.

"डॉक्टरकाका, तिथं लोक मला विचारून काम करतात. नवीन माणूस आला की माझ्याकडे पाठवतात. इथं मला जो भेटतो तो एकच विचारतो, नोकरी लागली का?"

आई गप्प झाली. मीही पुढचा प्रश्न जरा थांबूनच विचारला. पंचक्रोशीत नाव असावे ही भूक प्रत्येकाला असते. गावात ती भागत नसेल, तर माणूस जिथे भागते तिथे जातो.

शरीर काय सांगते?

अशा खेळाडूंमध्ये मला साधारण पुढील तक्रारी दिसतात.

झोप : प्रौढ माणसाला किमान ७ तास आणि १३ ते १८ वर्षांच्या मुलाला ८ ते १० तास झोप हवी. रात्री डोळ्यांसमोर प्रखर पडदा असला की झोपेची वेळ मेंदूला कळवणारे मेलॅटोनिन हे संप्रेरक कमी आणि उशिरा स्रवते. त्यात खेळाची उत्तेजना. मग पलंगावर पडले तरी डोळा लागत नाही.

मनगट : अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेचा अर्धा भाग यांत मुंग्या, आणि त्या रात्री जास्त, हे नस दाबली गेल्याचे लक्षण. वेळीच आधारपट्टी आणि विश्रांती दिली तर बहुतेकांना आराम पडतो. दुर्लक्ष केले तर अंगठ्याच्या बुडाचा स्नायू रोडावतो.

डोळे : पडद्याकडे टक लावून पाहताना पापण्या कमी लवतात. डोळे कोरडे पडतात, चुरचुरतात. दर २० मिनिटांनी २० फुटांवरच्या वस्तूकडे २० सेकंद पाहावे, हा सोपा नियम आहे.

पाय : तासन्‌तास न उठता बसल्याने पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होऊ शकते. न्यूझीलंडमधल्या डॉक्टरांनी २००३ साली अशा ३२ वर्षांच्या माणसाची नोंद प्रसिद्ध केली. तो दिवसाचे कित्येक तास संगणकापुढे बसे. पायातली गुठळी फुप्फुसापर्यंत गेली होती. असे क्वचित घडते. पण एकच पोटरी सुजली, दुखली किंवा अचानक धाप लागली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

आजार कधी म्हणायचे?

जागतिक आरोग्य संघटनेच्या सभेने मे २०१९ मध्ये आजारांची नवी यादी मंजूर केली आणि १ जानेवारी २०२२ पासून ती लागू झाली. त्यात खेळाच्या विकाराचा समावेश आहे. त्याच्या खुणा तीन. खेळावरचा ताबा सुटणे, जेवण-अभ्यास-नाती यांपेक्षा खेळाला वरचढ स्थान मिळणे, आणि नुकसान दिसत असूनही खेळ चालू राहणे किंवा वाढणे. हे साधारण १२ महिने चाललेले असावे आणि त्याने रोजच्या आयुष्याची घडी ठळकपणे विस्कटलेली असावी. केवळ तास मोजून हे निदान होत नाही. खेळणाऱ्यांपैकी बहुसंख्य लोक आजारी नसतात, हेही तितकेच खरे.

कायद्याने घड्याळ लावून पाहण्याचे प्रयोगही झाले. दक्षिण कोरियाने २०११ साली १६ वर्षांखालील मुलांना मध्यरात्री ते सकाळी ६ ऑनलाइन खेळ बंद केले. तो नियम २०२२ च्या सुरुवातीला रद्द झाला. चीनने २०२१ साली अठरा वर्षांखालील मुलांना शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सुटीच्या दिवशी रात्री ८ ते ९ एवढाच वेळ दिला. आपल्याकडे असा कायदा नाही. ते काम घरालाच करावे लागते.

नाव खोटे नसते

आता दुसरी बाजू. नॉर्वेमधील माट्स स्टीन या तरुणाला ड्युशेन नावाचा स्नायूंचा आनुवंशिक आजार होता. यात लहानपणापासून स्नायू दुबळे होत जातात, मुलगा चाकाच्या खुर्चीला खिळतो आणि पुढे श्वासाचे स्नायूही थकतात. माट्स 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' खेळत असे. तिथे त्याचे नाव होते इबेलिन. आईवडिलांना वाटे, मुलाला मित्र नाहीत, प्रेम नाही, आयुष्य खोलीतच गेले. नोव्हेंबर २०१४ मध्ये वयाच्या २५ व्या वर्षी तो गेला. वडिलांनी त्याच्या इंटरनेटवरच्या पानावर निधनाची बातमी लिहिली, आणि देशोदेशींहून पत्रे येऊ लागली. कोणाचे मोडते घर त्याने सल्ला देऊन सावरले होते, कोणाला रात्री-अपरात्री धीर दिला होता. युरोपातल्या वेगवेगळ्या देशांतून त्याचे खेळातले सोबती अंत्यविधीला आले. २०२४ साली त्याच्यावर माहितीपट निघाला.

या मुलाच्या हातापायांत बळ नव्हते, पण त्या मुलखात त्याचे नाव होते, आणि ते खरे होते. म्हणून 'हे सगळं खोटं आहे, बंद कर' हे वाक्य मी पालकांना टाळायला सांगतो. ते घर आपल्याला चित्र वाटते. त्याला त्यामागे वर्षाची मेहनत दिसते. रागाच्या भरात संगणकाची वायर ओढणे किंवा खाते पुसून टाकणे म्हणजे कोणाचे बांधलेले घर पाडणे. त्यानंतर मुले दिवसचे दिवस अबोला धरून, न जेवता बसलेली मी पाहिली आहेत.

घर पाडू नये, घड्याळ आवरावे. हाच उपाय.

काय करावे?

१) खेळाचे नियम स्वतः समजून घ्या. ४५ दिवसांचा नियम असेल, तर महिन्यातून एकदा फेरी मारली तरी घर राहते. भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करा. त्याच खेळात सदनिकाही मिळते आणि ती अशी पाडली जात नाही. ज्याला घोर सहन होत नाही त्याने बंगल्याऐवजी सदनिका घ्यावी!

२) रोजची कामे साडेआठला सुरू होतात, पण ती दुसऱ्या दिवशीच्या साडेआठपर्यंत खुली असतात. म्हणजे ती सकाळी किंवा संध्याकाळी सहालाही करता येतात. जेवणाच्या वेळेवर अतिक्रमण करायचे कारणच नाही.

३) झोपण्यापूर्वी एक तास पडदा बंद. संगणक झोपण्याच्या खोलीबाहेर. सोबत्यांना मुलाने स्वतः सांगावे, की भारतात रात्री अकरानंतर मी नसतो. सोबती चांगले असतील तर समजून घेतात.

४) तासातून एकदा उठून पाच मिनिटे चाला. मनगट सरळ राहील अशी खुर्चीची उंची ठेवा.

५) गावात त्याला एखादे काम नावाने सोपवा. वाचनालयाचा हिशेब, गणेशोत्सवाची रोषणाई, शेजारच्या मुलाची शिकवणी, काहीही. काम असे हवे, की लोकांनी त्याला विचारून करावे.

६) मूल उदास असेल, आंघोळ-जेवण सोडले असेल, मरणाची भाषा करत असेल, तर खेळाचा वाद बाजूला ठेवून लगेच डॉक्टरकडे न्या. केंद्र सरकारची टेलिमानस ही दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य बोलता येते, मराठीतही. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने तर अशा तक्रारींसाठी २०१४ साली स्वतंत्र बाह्यरुग्ण विभाग काढला.

त्या २३ वर्षांच्या मुलाला मी मनगटाची पट्टी आणि हे वेळापत्रक दिले. तीन महिन्यांनी मुंग्या थांबल्या होत्या, झोप साडेअकराला लागत होती, घर अजून उभे होते. नोकरी लागलेली नव्हती. पण ताट वाढले की तो येऊन बसतो, असे आईने सांगितले.

एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. २०२० साली करोनाची साथ आली, तेव्हा त्या जपानी कंपनीने घरे पाडण्याचा नियम काही काळ थांबवला. जानेवारी २०२४ मध्ये जपानच्या नोतो भागात भूकंप झाला, तेव्हाही थांबवला. म्हणजे हे घड्याळ माणसाने लावलेले आहे आणि माणसाची अडचण पाहून ते थांबवता येते, हे खेळ बनवणाऱ्यांनाही ठाऊक आहे. मग ते आपल्या घरात आवरणे अशक्य का असावे?

तेव्हा पालकहो, या आठवड्यात एकदा मुलाशेजारी खुर्ची ओढून बसा आणि त्याने काय बांधले आहे ते दाखवायला सांगा. नावे न ठेवता पाहा. झोपेचा विषय मग काढा. तो ऐकण्याची शक्यता पुष्कळ वाढते.